पांढरं खोड

"टोच, टोच," दादा म्हणाला. "माणसाला टोचतात, तर केळीनंच काय घोडं मारलं?"

हेमांगीनं सुई खोडात दाबली. केळीचं खोड म्हणजे एकावर एक घट्ट गुंडाळलेले पानांचे देठ. सुईला अडवील असं त्यात काही नसतं. ती बोटभर आत गेली आणि मुठीतल्या उपकरणाच्या काचेवर पिवळा ठिपका लुकलुकू लागला. आतला रस ओढला जात होता.

रावेर तालुक्यातल्या पिंपळकोठ्याच्या या बागेत तिनं स्वतः यायची खरं तर गरज नव्हती. तपासणीला पथकं होती आणि हेमांगी त्या पथकांची प्रमुख होती. पण भावाच्या बागेची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, ही मी करते. तेवढंच दादाच्या हातचं भरीत खायला मिळेल. दिगंबरदादानं सकाळीच वांगी भाजून ठेवली होती आणि कळण्याच्या भाकरी फडक्यात बांधून बांधावर आणल्या होत्या.

ठिपका लाल झाला.

हेमांगीनं सुई बदलली, शेजारच्या झाडाला टोचली. लाल. दोन ओळी सोडून तिसरीत टोचली. लाल. मग विहिरीकडचा कोपरा, मग नाल्याकडचा. दादा तिच्या मागून चालत होता, आधी बोलत, मग न बोलता.

"काय म्हणते व तुझी सुई?" शेवटी त्यानं विचारलं.

"दादा, बागेत मर शिरली आहे. सगळ्या बागेत."

त्यानं मान वर केली. बाग नुकतीच निसवली होती. झाडाझाडाला कोवळे घड लोंबत होते, आणि वर पानांचं छप्पर असं गच्च, की खाली ऊन गाळून येत होतं.

"कुठी?" तो म्हणाला. "एक पान पिवळं दाखव मला."

एकही नव्हतं. आणि पिवळं पान दिसेपर्यंत थांबावं लागू नये, म्हणूनच तर हेमांगीनं ही सुई बनवली होती.

मर रोगाची बुरशी मातीत राहते. तिचे बीजाणू वीस-वीस, तीस-तीस वर्षं मातीत निपचित पडून राहतात आणि केळीचं मूळ जवळ आलं की जागे होतात. ती मुळातून आत शिरते आणि जिथून झाडाचं पाणी वर चढतं त्या बारीक नळ्यांमध्ये बिऱ्हाड थाटते. आता झाडालाही पहारेकरी असतात. परकं कुणी आत आलं की ते ओळखतात, वाटा बंद करतात, विष तयार करतात. म्हणून बुरशी आधी स्वतःची माणसं पुढे पाठवते. ही माणसं म्हणजे इवलीइवली प्रथिनं. बुरशी ती आपल्या अंगातून बाहेर सोडते आणि ती रसाबरोबर झाडभर फिरतात. एक प्रथिन पहारेकऱ्याच्या डोळ्यांवर हात ठेवतं, दुसरं त्याची हाक दाबतं, तिसरं दाराची कडी काढतं. हे सगळं होऊन गेल्यावर मग महिन्या-दोन महिन्यांनी पान पिवळं पडतं. तोवर शेजारच्या दहा बागांना पाण्यातून, मातीतून, बुटांच्या तळव्यांतून लागण झालेली असते.

मर रोगाची ही नवी जात पाच वर्षांपूर्वी खोऱ्यात आली आणि तापीपलीकडची गावंच्या गावं केळीवाचून उघडी पडली. त्यानंतर हेमांगीनं त्या प्रथिनांपैकी एक निवडलं. रोगट बागेत ते सापडायचंच, निरोगी बागेत कधीच नाही. ते रसात दिसलं की सुई लाल होई. सुई लाल झाली की बाग काढायची, जाळायची, मातीला प्लास्टिकखाली विषारी वायू द्यायचा आणि दहा वर्षं तिथं केळी लावायची नाही, असा नियम झाला. नियमाचा मसुदा करणाऱ्यांत हेमांगी होती.

"महिनाभर थांबता येईल?" दादानं विचारलं. "घड तर पाहा."

"पाणी एकच आहे, दादा. तुझ्या नाल्याचं पाणी चेतनच्या बागेत जातं."

चेतन फालक हा शेजारचा शेतकरी, अजून तिशीही न ओलांडलेला. त्यानं आणि त्याच्या बायकोनं त्या वर्षी पहिल्यांदाच स्वतःच्या हिमतीवर बाग लावली होती.

दादा बराच वेळ एका खोडावर तळवा टेकवून उभा राहिला. बहिणीला तो काय विचारणार होता, हे तिला माहीत होतं. तू कुणाला सांगू नको, एवढंच त्याला म्हणायचं होतं. तिनं मनात त्याचं उत्तरही तयार ठेवलं होतं आणि ते उत्तर द्यावं लागू नये म्हणून ती देवाची प्रार्थना करत होती.

त्यानं विचारलं नाही. "कर मग, जे करायचं ते," तो म्हणाला. "पण काडी मी लावीन. दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही."

भाकरी फडक्यातच राहिल्या.

ही बाग दादाची म्हणत, पण ती ज्योत्स्नावहिनीची होती. हेमांगी सहा वर्षांची असताना आई गेली. वडील त्याआधीच गेले होते. दादा वीस वर्षांचा. घरात बाईमाणूस हवं म्हणून वर्षाच्या आत त्याचं लग्न लावून दिलं. नवरी सावद्याकडची. लोक मुलीबरोबर भांडीकुंडी पाठवतात. ज्योत्स्नानं बापाकडे हट्ट करून टेम्पोभर बसराई केळीचे कंद मागून घेतले. लग्नाची हळद अंगावर असताना तिनं ते स्वतःच्या हातानं पुरले, आणि नणंदेला बरोबर घेऊन पहिलं पाणी दिलं.

"केळीला मरण नाही, हेमा," ती सांगायची. "आई घड देते आन जाते, पण तिच्या पायाशी पील उभी असते. ती पील म्हणजे तीच." आई या शब्दाशी सहा वर्षांची पोर अडखळते आहे हे पाहून तिनं तिला जवळ ओढलं होतं. 

पुढे हेमांगी विज्ञान शिकली तेव्हा तिला कळलं, वहिनी म्हणायची ते अक्षरशः खरं होतं. केळीला बी नसतं. कंदातून येणारं प्रत्येक झाड म्हणजे तेच आधीचं झाड, जसंच्या तसं. सगळ्यांनी प्रयोगशाळेतली रोपं आणली तेव्हाही दादानं पीलबागच राखली. त्यात काही शहाणपण नव्हतं. बायकोनं लावलेलं काढवत नव्हतं, इतकंच. वहिनीला मूलबाळ झालं नाही. हेमांगीची शाळा, कॉलेज, परदेशातली तीन वर्षं, सगळं तिनं पुरवलं, आणि चार वर्षांपूर्वी काविळीनं ती गेली. त्यानंतर दादा घरात कमी आणि बागेत जास्त असे.

केळीचं खोड म्हणजे जवळजवळ सगळं पाणीच. ते तसं पेटत नाही. त्यामुळे पथकानं आधी झाडाझाडाला औषध टोचून ती वाळू दिली. नमुन्यासाठी काही खोडं हेमांगीनं त्याआधीच कापायला लावली. मर लागलेलं खोड आडवं कापलं की आत तांबूस-काळी वर्तुळं दिसतात आणि सडका वास येतो. ही खोडं दुधासारखी पांढरी होती. एक, दुसरं, पाचवं, सगळी पांढरी.

दादा पाहत होता. त्यानं खोडाकडून नजर उचलून बहिणीकडे पाहिलं.

"अजून सुरुवात आहे," हेमांगी म्हणाली. "डाग नंतर पडतात."

तिला तसं मनापासून वाटत होतं. तरी त्या रात्री जळगावला परतताना गाडीत ती दोनदा म्हणाली, "सुरुवात आहे," आणि गाडीत दुसरं कुणी नव्हतं.

तीन आठवडे दादा बाग वाळताना पाहत राहिला. पानं मोडून खोडाला चिकटली, घड काळे पडले. मग ढीग रचले गेले आणि त्यानं काडी लावली. स्मशानात लावतात तशी, तोंड फिरवून.

त्यानंतरचा पावसाळा वाईट गेला. तापीला आणि तिला मिळणाऱ्या नाल्यांना पूर आले, पलीकडचं पाणी अलीकडे आलं, आणि मर रोग त्यावर बसून आला. चेतनची बाग दिवाळीपर्यंत पिवळी पडली. ज्याच्यासाठी दादाची बाग जाळली त्याचीच बाग वाचली नाही. हेमांगी तपासणीला गेली तेव्हा चेतनची बायको कमरेवर हात ठेवून बांधावर उभी होती. तिनं फक्त विचारलं, "ताई, आता टोचून काय पाहता? दिसून तर राहिलं."

आणखी काही महिन्यांनी, एका दुपारी डॉ. शबनम तडवी हेमांगीच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. प्रयोगशाळेत जनुकं वाचायचं काम तिचं. जाळलेल्या बागांतल्या मुळांचे नमुने निष्प्राण करून साठवलेले असत, आणि त्यांतल्या बुरशीची जनुकं ती एकेक करून वाचत असे. पिंपळकोठ्याची पाळी आता आली होती.

"बसू का?" तिनं विचारलं. ती कधी असं विचारत नसे.

"काय झालं?"

"तुमच्या भावाच्या बागेत मर रोगाची बुरशी नव्हती."

हेमांगी म्हणाली, "प्रथिन होतं. मी स्वतः पाहिलं."

"प्रथिन होतं. ती बुरशी नव्हती."

शबनमनं पडद्यावर दाखवलं. मर आणणाऱ्या बुरशीचे कितीतरी निरुपद्रवी भाऊबंद मातीत असतात. मुळांत राहतात, थोडं खातात, झाडाला त्रास देत नाहीत. कधी काळी, कुठल्या तरी मातीत, अशा एका गरीब बुरशीचा धागा मर रोगाच्या धाग्याला चिकटला आणि एका प्रथिनाची कृती, म्हणजे ते बनवणारं जनुक, मर रोगाकडून या गरीब बुरशीकडे गेली. एकाच प्रथिनाची. बाकीची टोळी आली नाही. दादाच्या बागेत ही गरीब बुरशी मुळांत नांदत होती आणि ते एक प्रथिन रसात सोडत होती. पहारेकऱ्यांचे डोळे झाकायला, हाक दाबायला दुसरं कुणी नव्हतं. त्यामुळे झाडांनी त्या प्रथिनाला नीट पाहून घेतलं. त्याची ओळख पक्की केली.

"लस टोचल्यासारखं," शबनम म्हणाली. "खरी मर आली असती तर त्या झाडांनी तिला दारातच धरलं असतं. सुईनं चोर नाही ओळखला, मॅडम. चोराची चप्पल ओळखली. ती पायात कुणी घातली आहे, हे सुईला कसं कळणार?"

"हे दुसऱ्या कुठल्या बागेत?"

"सगळे नमुने लावून पाहिले. कुठेच नाही. प्रयोगशाळेच्या रोपांची मुळं धुतल्यासारखी स्वच्छ असतात. त्यांच्याबरोबर कुणी येत नाही. ही पीलबाग होती, पंचवीस-तीस वर्षं त्याच मातीत."

"जिवंत काही?"

शबनमनं नकारार्थी मान हलवली. साठवलेलं सगळं निष्प्राण होतं. नियमच तसा होता.

हेमांगीनं पडद्यावरचं पिंपळकोठ्याचं नाव पुन्हा एकदा वाचलं. तिच्या डोळ्यांसमोर ती पांढरी खोडं आली.

सुई महिन्याभरात बदलली. आता ती टोळीतली चार प्रथिनं दिसल्याशिवाय लाल होत नसे. पण दादाला सांगायचं की नाही, हे तिला ठरवता येईना. शबनम म्हणाली, नका सांगू, त्या माणसाला काय मिळणार त्यातून? पण पंचक्रोशीत ही गोष्ट आज ना उद्या फुटणार होती. चावडीवर दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्यापेक्षा आपण सांगावं, असं हेमांगीला वाटलं. आणखी एक कारण होतं. तिला त्या जमिनीत खोल खणायचं होतं. वायू पोहोचला नसेल अशा एखाद्या थरात ती बुरशी तग धरून असेल, तर तेवढी एकच आशा होती.

दादा अंगणात खाटेला काथ्या विणत बसला होता. तिनं सगळं सांगितलं, सोपं करून, मध्ये न थांबता. तो ऐकताना विणत राहिला.

"म्हणजे बाग आजारी नव्हती?"

"नाही."

"ती वाचली असती?"

"ती एकटीच वाचली असती, दादा. सगळ्या तालुक्यात."

त्यानं गाठ ओढली. ती पुन्हा सोडली. "मग हे मला काउन सांगितलं तू?"

हेमांगीनं घरंगळलेलं काथ्याचं भेंडोळं उचलून त्याच्याजवळ ठेवलं.

"दीड वर्ष झालं, मी मनाला सांगत होतो," तो म्हणाला. "ज्योत्स्ना आजारानं गेली, बाग आजारानं गेली. आजारावर कोण राग धरतं? आता तू सांगते की ती धडधाकट होती. उभी होती, निसवलेली होती, आन मी तिला काडी लावली."

"हुकूम माझा होता, दादा. तुझा दोष नाही."

"हुकमाला हात नसतात, हेमा. हात माझे होते."

तिनं त्याच्या पायाला हात लावला. त्यानं पाय मागे घेतला नाही, पण तिच्या डोक्यावर हातही ठेवला नाही. मग तिनं मातीचं विचारलं. तेव्हा मात्र त्यानं काथ्या खाली ठेवला.

"नाही. त्या जमिनीत आता कोणी पाय ठेवायचा नाही. एकदा तू म्हणाली आन मी ऐकलं. आता मी म्हणतो, तू ऐक."

हेमांगी परतली. आठवडाभर तिनं काही केलं नाही. त्या आठवड्यात यावल तालुक्यातून सतरा बागांच्या बातम्या आल्या. चेतन आणि त्याची बायको कुलूप लावून सुरतेला कामाला गेले. रोगामुळे बंदी घातलेल्या जमिनीत खणायला मालकाची परवानगी लागत नाही; प्रमुखाची सही पुरते. ती सही तिची होती. ती करताना दादाचं वाक्य तिच्या कानांत होतं, आणि आपण त्याचं ऐकणार नाही हेही तिला कळत होतं. तो तिला क्षमा करील असं तिनं स्वतःला एकदाही सांगितलं नाही.

ज्या दिवशी यंत्र आलं त्या दिवशी दादा घरी नव्हता. किल्ली शेजारी ठेवून तो ज्योत्स्नाच्या माहेरी निघून गेला होता.

वरचे थर मेलेले निघाले. पुरुषभर खोलीपर्यंत काहीच नव्हतं. दुसऱ्या दिवशी शबनमनं नाल्याकडच्या दगडी बांधाखालची माती काढायला लावली. तिथं दगडांमुळे प्लास्टिक नीट बसलं नव्हतं आणि वायू खाली पोहोचला नव्हता. एक कुजलेलं मूळ सापडलं. प्रयोगशाळेत त्याच्या एका तुकड्याभोवती कापसासारखी पांढरी, कडेला जांभळट अशी वाढ दिसली. शबनम नाचायचीच बाकी होती. जनुकं वाचली. तीच होती.

पुढचं काम भराभर झालं. कंद त्या बुरशीच्या पाण्यात बुडवून लावले की झाडं मर रोगाला दाद देत नाहीत, हे दोन हंगामांत सिद्ध झालं. लोक त्याला लसीचं बेणं म्हणू लागले, आणि ते लावणाऱ्यांसाठी दहा वर्षांची अट उठली. सरकारी समितीनं विचारलं, या बुरशीला नाव काय द्यायचं? हेमांगीच्या मनात एकच नाव होतं. पण विचारल्याशिवाय कसं द्यायचं? तिनं दादाला फोन लावला. कितीतरी महिन्यांनी त्यानं तो उचलला.

"तिला सगळा खानदेश ओळखेल, दादा. प्रत्येक बागेत तिचं नाव असेल."



"तिचं नाव नको देऊ," दादा म्हणाला. "बाग तू घेतली, माती घेतली. नाव माझ्याजवळ राहू दे."

बुरशीला एक क्रमांक मिळाला.

पूर्वी दर वर्षी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी दादाचा फोन यायचा. माहेरवाशिणीनं आखाजीला घरी यायचं असतं, आणि लग्न केलं नसलं तरी हेमांगीला दुसरं माहेर नव्हतं. गेली तीन वर्षं तो फोन आला नव्हता. चौथ्या वर्षी ती न बोलावता निघाली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बागा उभ्या होत्या. चेतन परत आला होता. त्याची बाग निसवली होती, आणि गाडी पाहून त्याच्या बायकोनं लांबूनच हात उंचावला. दादाच्या शेतात ज्वारीचं रान नुकतंच मोकळं झालं होतं. गावात निंबाच्या झाडांना झोके बांधलेले होते आणि पोरी गाणी म्हणत होत्या.

दार उघडंच होतं. दादा थकला होता. केस सगळे पिकले होते. तो पटकन उठला. खांद्यावरच्या उपरण्यानं त्यानं खुर्ची पुसली. पाण्याचा तांब्या आणि पेला आणून तिच्यापुढे ठेवला. चेहऱ्यावर राग शोधून सापडला नसता.

"दादा," ती म्हणाली.

"या," तो म्हणाला. "बसा. ऊन फार आहे, प्रवासात त्रास नाही ना झाला तुम्हाला?"

हेमांगी पाहुण्यांच्या खुर्चीत बसली आणि तिनं पाण्याचा पेला दोन्ही हातांनी घेतला.